३०० गावरान कोंबड्या आणि काळी सैनिक माशी: पैसे भरण्याआधी

प्रश्न: संगमनेर तालुक्यात आमच्याकडे अंड्यांसाठी ३०० गावरान कोंबड्या आहेत. खाद्याचा खर्च झेपत नाही. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या घरीच तयार केल्या तर खाद्य फुकटात पडतं, असं एका प्रशिक्षणात सांगितलं. तेच लोक माशीची अंडी, पिंजरा आणि टब असा संच दीड लाखाला देतात आणि तयार अळी परत विकत घेण्याची लेखी हमीही देतात. बचत गटातून कर्ज काढून हे करावं का? घरच्यांना 'माश्या पाळणं' अजिबात पटत नाहीये.

उत्तर:

ताई, कर्ज काढू नका. अळी जरूर पाळा, पण संच विकत घेऊ नका आणि परत खरेदीच्या भरवशावर एक रुपयाही टाकू नका. जुन्नर तालुक्यात मी नऊ वर्षं ओल्या कचऱ्यावर ही अळी पाळतोय. सुरुवात दोन टबांपासून केली, आज ६० टब आहेत. माझ्या कोंबड्या रोज ती खातात, त्यामुळे अळीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती 'फुकट' या शब्दाबद्दल. तो शब्द ऐकून लोक पैसे भरतात आणि सहा महिन्यांत टब पालथे घालून ठेवतात.

आधी त्या हमीचं बोलू. २०१२ च्या सुमाराला एमू पाळणाऱ्यांचं काय झालं, ते घरातल्या थोरामोठ्यांना विचारा. पक्षी आमच्याकडून घ्या, वाढवा, पुढचं सगळं आम्ही घेतो, असंच तेव्हाही सांगितलं जात होतं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या परत-खरेदी योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. दोन्हीकडे पक्ष्यात काही खोट नव्हती. विकणाऱ्याची कमाई पुढच्या गिऱ्हाइकाला पिल्लं विकण्यातून येत होती, अंड्या-मांसाच्या बाजारातून नव्हे. नवे गिऱ्हाईक आटले, तशी खरेदीही बंद पडली. म्हणून संच विकायला आलेल्या माणसाला एवढंच विचारा: गेल्या वर्षभरात तुम्ही वाळवलेली अळी कोणाला विकली, किती किलो, काय दराने, आणि त्याची बिलं बघायला मिळतील का? तो जर याऐवजी किती संच विकले तेच सांगत बसला, तर चहा पाजून निरोप द्या. माझ्या ओळखीच्या दोघांनी असा संच घेतला होता. एकाची अंडी प्रवासातच वाळून गेली. दुसऱ्याची अळी छान तयार झाली, पण न्यायला कोणी आलंच नाही.

दुसरं म्हणजे, ज्या माशीची अंडी तुम्हाला पैसे देऊन विकतायत ती आत्ता तुमच्याच आवारात फिरत असणार. ही माशी मूळची अमेरिका खंडातली, पण आता उष्ण प्रदेशांत जगभर पसरली आहे आणि आपल्याकडे पावसाळ्यात कुठेही सापडते. घरी कचऱ्याचं खत करणाऱ्यांच्या डब्यात जून झालेल्या, तपकिरी, चपट्या, खरखरीत कातडीच्या अळ्या होतात, त्या बहुतेक वेळा हिच्याच असतात. लोक घाबरून त्यांच्यावर चुना टाकतात. घरातल्या माशीची अळी पांढरी, मऊ आणि एका टोकाला निमुळती असते. हिची अळी चपटी आणि कड्याकड्यांची. मोठी माशी काळी, लांबोडकी, गांधीलमाशीसारखी दिसते. पायांचा खालचा भाग पांढरा आणि पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्यांसारखे ठिपके. ती चावत नाही, डंख मारत नाही, ताटावर येऊन बसत नाही. आठवडाभराचं तिचं आयुष्य, आणि त्यात तिला खाण्याची फिकीर जवळजवळ नसतेच. अळीपणी साठवलेल्या चरबीवरच ती जगते. उलट जिथे या अळ्या दाट असतात तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते. घरच्यांना हे दाखवा, नुसतं सांगू नका. माझ्या आईला मी एक माशी बाटलीत घालून दाखवली होती, तेव्हा तिची भीती गेली.

किडे पाळणं आपल्याला नवं आहे, असंही कोणी म्हणू नये. जालना-बीडकडे माणसं तुतीचा पाला कापून दिवसरात्र रेशीमकिड्यांची उस्तवार करतात, आणि त्या कोषाच्या पैशावर पोरांची लग्नं झाली आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ पासून 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. उसावरच्या खोडकिडीसाठी आपण जी ट्रायकोकार्डं बांधतो, त्या एका कार्डावर परोपजीवी कीटक वाढत असलेली सुमारे २० हजार अंडी असतात, आणि तीही कुठल्यातरी प्रयोगशाळेत किडे पाळूनच तयार होतात. तुमचे सासरे ऊस करत असतील तर त्यांनी आयुष्यात किडे विकत घेऊन शेतात सोडलेले आहेत.

आता बी, म्हणजे माशीची अंडी, कशी धरायची. २० लिटरची जुनी बादली घ्या. तळाशी चार मुठी गव्हाचा कोंडा पाण्यात कालवून तीन-चार दिवस आंबू द्या, वर केळीच्या साली टाका. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापून, दोन-तीन एकावर एक बांधून त्या मालाच्या वर टांगा. पुठ्ठा ओला होता कामा नये. मादीला वास ओल्याचा हवा असतो, पण अंडी कोरड्या फटीतच घालायची असतात. झाकण अर्धवट ठेवा, बादली सावलीत ठेवा, मुंग्यांपासून लांब. आठवड्याभरात पुठ्ठ्याच्या भोकांत डोकावून बघा. फिकट पिवळ्या, दुधाळ अंड्यांचे पुंजके दिसतील. एकेक अंडं खसखशीच्या दाण्याहून बारीक आणि लांबट. एक मादी आयुष्यात एकदाच, साधारण ५०० अंडी घालते, आणि एक ग्रॅम अंडी म्हणजे जवळपास ४० हजार. हा एक ग्रॅम तळहातावर घेतला तर चिमूटभरच वाटतो. त्यातून पुढे पाटीभर अळी निघते.

अंडी चार दिवसांत फुटतात. पहिले पाच दिवस पिल्लांना कचरा घालू नका. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य पाण्यात कालवून त्यावर वाढवा, म्हणजे मर कमी होते आणि मोजणी हातात राहते. पाच दिवसांची अळी मग टबात सोडायची. यासाठी मी स्विस संशोधन संस्था ईआवागने इंडोनेशियातल्या सुरबाया इथे बसवलेलं माप वापरतो, कारण ते आपल्यासारख्याच हवेत आजमावलेलं आहे: ६० बाय ४० सेंटीमीटरच्या टबात १० हजार अळ्या आणि १५ किलो ओला माल, म्हणजे अळीला खायला घालायचा कचरा, बारा दिवसांत तीन हप्त्यांनी. चार बोटांपेक्षा जाड थर देऊ नका, खालचं कुजायला लागतं. टब भरात आला की कान जवळ नेऊन ऐका. सोड्याची बाटली नुकती उघडल्यावर येतो तसा बारीक चुरचुर आवाज येतो. हजारो तोंडं एकदम चालत असतात. हात घातला तर आतला माल कोमट लागतो. तो आवाज बसला आणि माल गार पडला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं, मग वास येण्याची वाट बघायची नाही.

इथपर्यंतचं कुठल्याही प्रशिक्षणात सांगतात. जे सांगत नाहीत ते मालाबद्दलचं आहे, आणि या धंद्याचा जीव तिथेच आहे.

नारायणगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटोचे ढीग रस्त्याकडेला पडतात. २०१९ च्या उन्हाळ्यात मला वाटलं, आता अळीला कधीच कमी पडणार नाही. गाडी भरून टोमॅटो आणला, चेचून २२ टबांत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर अळ्या माल सोडून टबाच्या भिंतींवर चढलेल्या, अंग लुळं पडलेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गेल्या. तोडणीच्या दोन-तीन दिवस आधी फवारलेला तो टोमॅटो होता. पीक वाचवायला मारलेलं कीटकनाशक अळीला वेगळं कसं ओळखणार, तीही कीटकच. त्या दिवसापासून नवा माल आला की मी मूठभर अळ्या एका डब्यात घालून त्यावर तो माल टाकतो आणि २४ तास बघतो. अळ्या आत शिरून खायला लागल्या तरच बाकीचा माल टबात जातो. हा एक दिवसाचा नेम मोडू नका, माल कितीही चांगला दिसला तरी.

टोमॅटोची दुसरी अडचण म्हणजे पाणी. त्यात ९४ टक्के पाणीच असतं. अळीला माल ७० टक्क्यांच्या आसपास ओला लागतो. मुठीत घेऊन दाबला की बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर त्यात गव्हाचा किंवा भाताचा कोंडा मिसळा. नाहीतर शेवटी टबात लगदा राहतो, चाळणी तुंबते आणि अळी वेगळी करताना माणूस रडकुंडीला येतो.

शेजारच्या पोल्ट्रीची विष्ठा फुकट मिळते म्हणून अनेक जण तीही घेतात. घ्या, पण आधी मालकाला विचारा की कोंबड्यांच्या खाद्यातून माशीची अळी मारायचं औषध चालू आहे का. सायरोमाझिन नावाचं औषध त्यासाठीच दिलं जातं आणि ते विष्ठेतून बाहेर पडतं. त्या मालावर अळी लगेच मरत नाही. खुरटी राहते आणि कोषात जातच नाही. माझा एक मित्र दोन महिने हवामानाला दोष देत होता. तसंही, तुमच्या कोंबड्यांना घालायच्या अळीला मी विष्ठा देणार नाही. कोंबडीचं मांस, आतडी, पिसं हेही त्या अळीला नको. एकाच जातीचे रोग तिच्याच पोटात परत जाता कामा नयेत.

कांदा एकटा घातला तर अळी नाखुशीने खाते. बाकी मालात चौथाईपर्यंत चालतो, हा माझा अनुभव. मोसंबी-संत्र्याच्या साली फार हळू संपतात. उसाची चिपाडं, पालापाचोळा, भुस्सा हे तिच्या पचनात बसतच नाहीत. लाकूडतोडीचं काम वाळवीचं आहे, हिचं नाही. मेसमधला भात-भाजी, लग्नातलं उष्टं, पिकलेली फळं, सोयाबीनचा ओला चोथा, बेकरीचं वाया गेलेलं, यावर ती जोमात वाढते. मात्र उष्ट्यात मीठ आणि तेल जास्त असतं, म्हणून त्यात भाजीपाला मिसळून घालते माझी बायको. ते प्रमाण तिला बघूनच कळतं. कारखान्याच्या गाळावर किंवा घाण नाल्याकाठच्या भाजीवर अळी कधीच वाढवू नका. कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या अंगात साठत जातो आणि तिथून तो कोंबडीत जाणार.

आता तुमचं गणित मांडू. कागद घेऊन बसा.

३०० कोंबड्या दिवसाला साधारण ३० किलो खाद्य खातात. त्यातला दहावा हिस्सा अळीने भरून काढायचा ठरवला तर सुमारे ३ किलो वाळवलेली, म्हणजे ९ किलो ताजी अळी रोज लागेल. ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणीच असतं. ९ किलो ताज्या अळीसाठी रोज ६० किलो माल हवा. म्हणजे दररोज चार नवे टब भरायचे, आणि बारा दिवसांचं चक्र धरलं तर एका वेळी ४८ टब चालू. त्यासाठी रोज ४० हजार पिल्लं, म्हणजे मरतुक धरून दीड ग्रॅम अंडी, म्हणजे पिंजऱ्यात रोज शंभर-सव्वाशे माद्यांनी अंडी घालायला हवीत. शिवाय प्रत्येक पिकातल्या काही अळ्या खायला न घालता पुढच्या माश्यांसाठी राखायच्या.

यातून वाचतं किती? वाळलेल्या अळीत प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास, सोयापेंडीत ४५ च्या. म्हणजे ३ किलो अळी अडीच किलो पेंडीची जागा घेते. पेंड ४० रुपये किलो धरली तर शंभर रुपये. अळीत चरबी भरपूर असते, त्यामुळे थोडा मकाही वाचतो. त्याचे ५० रुपये धरा. दिवसाला दीडशे, महिन्याला साडेचार हजार. यात रोजचं दोन-अडीच तासांचं काम आहे आणि ६० किलो माल घरी आणण्याचं पेट्रोल आहे. बाहेरचा मजूर लावला तर हे गणित बसत नाही. माल आणायला रोज १५ किलोमीटर जावं लागलं तरीही बसत नाही. दीड लाखाच्या कर्जाचा हप्ता यात कुठून निघणार, ते तुम्हीच बघा.

मग बसतं कधी? माल दारात चालून आला तर. संगमनेरसारख्या गावात मंगल कार्यालयं आहेत, वसतिगृहांच्या मेस आहेत, हॉटेलं आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला कचरा वेगळा करणं आणि जास्त कचरा करणाऱ्यांनी त्याची सोय लावणं बंधनकारक आहे, आणि बऱ्याच जणांपुढे तो रोजचा प्रश्न असतो. मी एका मेसशी असं ठरवलंय: ते ओलं-सुकं वेगळं करून बंद पिंपात ठेवतात, गाडीभाडं ते देतात, माल मी नेतो. त्या दिवसापासून माझा धंदा उभा राहिला. त्याआधी तीन वर्षं मी माशी, पिंजरा, जाळी यातच सुधारणा करत बसलो होतो आणि पैसा खिशातून जातच होता. तुमचा बचत गट आहे, ही तुमची ताकद आहे. पाच जणींनी मिळून गावातल्या दोन कार्यालयांशी बोलणी केली तर एकटीने दीड लाख भरण्यापेक्षा कितीतरी पुढे जाल.

परदेशातल्या मोठ्या कारखान्यांचे व्हिडिओ दाखवून 'जग इकडे चाललंय' असं सांगितलं जातं, म्हणून त्याबद्दलही सांगतो. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला आणि पैसा या क्षेत्राकडे वळला. युरोपीय संघाने २०१७ मध्ये माशांच्या खाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली. पण तिथे या किड्यांना उष्टं-खरकटं किंवा विष्ठा घालता येत नाही. धान्याचा कोंडा वगैरे, जे जनावरंही खाऊ शकतात, तेच घालावं लागतं. फ्रान्सच्या यिन्सेक्ट कंपनीने आमियां शहराजवळ मीलवर्म नावाच्या अळीचा प्रचंड कारखाना उभारला, त्यात कोट्यवधी युरो ओतले गेले, आणि २०२४ मध्ये तिला देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. थंड देशात शेड गरम ठेवायचं, किड्याला विकतचा कोंडा घालायचा आणि तयार माल सोयापेंडीच्या भावाशी झुंजवायचा, हे सोपं नाही. जो कोंडा कोंबडी स्वतः खाऊ शकते तो आधी अळीला घालून मग अळी कोंबडीला घातली, तर मध्ये एक तोंड वाढतं आणि त्या तोंडाचा खर्च आपल्यावर पडतो. कोंबडीला खाता येणार नाही, जे सडून कचरा डेपोत जाऊन मिथेन सोडणार आहे, ते अळीने खाल्लं तरच यात शेतीचं आणि निसर्गाचं भलं आहे. म्हणूनच तुम्हाला कोणी 'मक्याचा भरडा घालून अळी वाढवा, झटपट होते' असं सांगितलं तर ऐकू नका. होते झटपट, पण मग ती कशासाठी?

आपल्याकडे एक देणगी आहे ती उबेची. २७ ते ३० अंश ही अळीची आवडती हवा, आणि वर्षातले बरेच महिने ती आपल्याला शेडमध्ये हीटर न लावता मिळते. उन्हाळ्यात मात्र सांभाळा. अळ्या स्वतःच उष्णता सोडतात. बाहेर ४० असताना टबात त्याहून जास्त होतं आणि त्या घोळक्याने बाहेर पडतात. मार्चनंतर थर पातळ करा, अळ्यांची दाटी कमी करा, जाळीवर ओली गोणपाटं टाका. हिवाळ्यात संगमनेरला रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा बारा दिवसांचं चक्र अठरा-वीस दिवसांवर जातं. टब एकमेकांना चिकटवून ठेवा.

सगळ्यात जास्त दगा देतो पावसाळा, आणि तोही अळीला नव्हे, माशीला. माश्यांना मिलनासाठी लख्ख ऊन लागतं. जुलैमध्ये आभाळ आठ-आठ दिवस गच्च असलं की पिंजऱ्यात माश्या नुसत्या बसून राहतात, अंडी पडत नाहीत, आणि तीन आठवड्यांनी अचानक टब रिकामे दिसतात. पहिल्या वर्षी मला कळलंच नाही की आजची टंचाई त्या ढगाळ आठवड्याची आहे. साध्या ट्यूबलाइटने काम होत नाही. निळसर, प्रखर एलईडी लावले तर थोडी अंडी मिळतात. मी आता कोष एकदम पिंजऱ्यात ठेवत नाही. निम्मे घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवतो, म्हणजे त्यांतून माशी उशिरा निघते, आणि ऊन पडायची चिन्हं दिसली की ते बाहेर काढतो. शिवाय पावसाळ्यातच बाहेरच्या माश्या सगळ्यात जास्त असतात, तेव्हा टांगलेली बादली चालूच ठेवा. रानातल्या माश्यांचं रक्त मिसळत राहिलं की पिंजऱ्यातली पिढीही खुरटत नाही.

मुंग्यांबद्दल एवढंच: मांडणीचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, वर तेलाचा थेंब. एका रात्रीत मुंग्यांनी माझी आठवड्याची अंडी नेली आहेत. पाली आणि उंदरांसाठी जाळी बारीक आणि धड हवी.

अळी काढायची वेळ डोळ्यांनी ओळखा. ती दुधाळ रंगाची असेपर्यंत अंगात मांस-चरबी भरपूर असते. काळपट पडायला लागली की कातडी टणक होते आणि कोंबडीला पचायला जड जाते. टबात शंभरात पाच काळ्या दिसल्या की चाळणी लावायची. ज्या पुढच्या पिढीला ठेवायच्या त्या मात्र काळ्या होऊ द्या. त्या आपणच कोरडी जागा शोधत टबाबाहेर चढतात, त्यांना उतरता पत्रा लावला की खालच्या डब्यात येऊन पडतात.

कोंबड्यांना ताजी अळी माणशी, म्हणजे कोंबडीमागे, ३० ग्रॅमच्या वर देऊ नका. त्या वेड्यासारख्या खातात, पण चरबी चढली की अंडी घटतात. आठवडाभर थोडी थोडी वाढवत न्या आणि बाकीचं समतोल खाद्य चालूच ठेवा. अळी हे पूर्ण खाद्य नाही. माल उष्ट्याचा असेल तर अळी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून मग घाला. अळी साल्मोनेलासारखे जंतू कमी करते, पण पुरते संपवत नाही. साठवायची असेल तर उकळून, कडक उन्हात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा.

इथे घरच्यांचा दुसरा आक्षेप येऊ शकतो, तो माझ्याकडे आला होता. माझी आई माळकरी आहे. अळ्या उकळत्या पाण्यात टाकायला तिने साफ नकार दिला, आणि तिच्याशी वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही. आम्ही मार्ग काढला: माल भाजी-फळांचाच असलेले टब वेगळे ठेवले, त्यांतली जिवंत अळी कोंबड्यांपुढे टाकतो. कोंबडी उकिरड्यावर पाय ओढून किडे खातेच, ते आईला मान्य आहे. उष्ट्यावरच्या टबांचं उकळणं मी तिच्या नजरेआड, मळ्यातल्या शेडमध्ये करतो, आणि ते तिला ठाऊक आहे. तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर तो आधीच बोलून घ्या. नंतर निघाला की घर विरोधात जातं आणि काम तिथेच थांबतं.

टबात शेवटी उरतं ते फ्रास, म्हणजे अळीची विष्ठा, टाकलेल्या काती आणि चोथा. ६० किलो मालामागे १२-१५ किलो मिळतं. ते लगेच रोपांना घालू नका, त्यात अमोनिया असतो, कोवळी मुळं करपतात. महिनाभर सावलीत ढीग लावून, दोनदा वरखाली करून मग वापरा. कातीतलं कायटिन, म्हणजे किड्याच्या कातडीतला टणक घटक, जमिनीत गेल्यावर पिकाची रोगाशी झुंजायची ताकद वाढते, असं संशोधन सांगतं. माझ्या मिरचीला ते मानवलंय. विकायच्या भानगडीत सध्या पडू नका, आधी स्वतःच्या वावराचं खत वाचवा.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा खर्च मी असा करीन: चार जुने टब, एक मच्छरदाणी, एक चाळणी, एक बादली, पिल्लांच्या खाद्याची छोटी पिशवी. दोन-तीन हजारांत होतं. टब चारच ठेवा आणि रोज वहीत लिहा: किती माल घातला, किती अळी निघाली, किती वेळ गेला, पेट्रोल किती लागलं. चार टबांत महिन्याला वाळलेल्या अळीचा किलोमागचा तुमचा खर्च पेंडीपेक्षा कमी आला तरच टब वाढवा. दरम्यान मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला जाऊन भेटा आणि लग्नाच्या दिवशी नक्की किती उष्टं निघतं ते स्वतः उभं राहून बघा. लोक अंदाजाने सांगतात तो आकडा फार चुकतो.

सध्या हवा दमट असेल तर बादली याच आठवड्यात टांगा, गोठ्याच्या मागच्या सावलीत चांगली. आठव्या दिवशी पुठ्ठ्याचं टोक मोबाइलच्या टॉर्चने बघा. भोकांत पिवळसर पुंजके दिसले तर पुठ्ठा तसाच उचलून ओल्या खाद्याच्या वाटीवर आडवा ठेवा, बुडवू नका. चार दिवसांनी वाटीच्या पृष्ठभागावर काहीतरी हलताना दिसेल. तुमच्या वहीतलं पहिलं पान त्या दिवसापासून सुरू करा, आणि महिन्याने आकडे कळवा, आपण दोघं मिळून बघू.